खुर्चीखालचे मुंगीसिंह

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून नियमित लेखनास प्रारंभ. ही गेल्यानंतर घराचा कारभार माझ्याकडे आला असून तो समाधानकारक रीतीने चालू आहे. भाजी किंचित करपली. दोष पातेल्याचा.

मागील व्हरांड्यात, जेथे फरशी संपून माती सुरू होते, तेथे माझ्या वेताच्या खुर्चीखाली नरसाळ्याच्या आकाराचे छोटे छोटे खड्डे आढळले. कॉलेजातील पाठ्यपुस्तक काढून खात्री करून घेतली. मुंगीसिंह! प्राणिशास्त्राची पदवी घेऊनही सर्व आयुष्य विमा कार्यालयात गेले. आता संशोधन करावयाचे. हे कीटक येथे नुकतेच आले असावेत. पूर्वी असते तर माझ्या नजरेतून सुटले नसते.

५ फेब्रुवारी
निरीक्षण : अळी खड्ड्याच्या तळाशी मातीत दडून बसते. वर फक्त जबडे. मुंगी काठावरून घसरली की जीव खाऊन वर चढू लागते. अळी डोक्याने माती उडवून तिला पुन्हा खाली पाडते. रस शोषून झाला की कोरडे टरफल बाहेर भिरकावते. स्वतः कोणाच्या दारी जात नाही. अन्नाशिवाय महिनोन्महिने तग धरते. अनुकरणीय जीवन.

कन्येचा फोन. जेवलात का, असे तिने विचारले. मी जबड्यांची रचना सांगितली. म्हणजे नाही जेवलात, असे ती म्हणाली. मुलीला शास्त्राची आवड नाही. आईवर गेली आहे.

८ फेब्रुवारी, सायंकाळ
शेजारच्या वहिनी वाटी परत द्यावयास आल्या. त्यांना खुर्चीत बसवून अळीची पचनसंस्था समजावून दिली. अळीच्या अवस्थेत मलविसर्जनाची सोयच नसते. दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे सारे पोटातच साठवावे लागते. अग बाई, दूध ठेवून आलेय गॅसवर, असे म्हणत वहिनी लगबगीने उठल्या. उतू गेल्याचा वास काही आला नाही.

चहा सवयीने दोन कप झाला होता. दोन्ही मीच घेतले. उद्यापासून मापात दुरुस्ती.

९ फेब्रुवारी
दुरुस्ती राहिली. दोन्ही घेतले.

१३ फेब्रुवारी
मुंग्यांचा पुरवठा अपुरा वाटल्याने स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत साखरेची रेघ ओढली. योजना निर्दोष.

१४ फेब्रुवारी
मुंग्या रेघेवर आल्या, परंतु उलट दिशेने गेल्या. साखरेचा डबा, पिठाचा डबा, माझी उशी. या प्राण्यांच्या शिस्तीविषयी पाठ्यपुस्तकात फार अतिशयोक्ती आहे.

१७ फेब्रुवारी
कन्या पुढील महिन्यात येऊन ठरविणार आहे, की मी येथे एकटा राहू शकतो अथवा घराला कुलूप लावून मला तिच्याकडे न्यावे. मी जाणार नाही. येथे हिची प्रत्येक वस्तू जागच्या जागी आहे. चपलासुद्धा मागील दारापाशी ती ठेवून गेली तशाच. त्यांना हात लावू नये, हे कन्येला निक्षून सांगितले आहे.

संकल्प : (१) स्वयंपाकात प्रावीण्य. (२) शेजाऱ्यांशी स्नेह. (३) मुंग्यांचा बंदोबस्त.

२० फेब्रुवारी
संकल्प (२)साठी पुढील दारापाशी खुर्ची टाकून बसलो. इस्त्रीवाला सापडला. कपडे देऊन जाऊ लागला तेव्हा मोजायला लावून थांबविले, मग टॉवेल कमी आहे असे सांगितले, मग मुंगीसिंहाकडे वळलो. टॉवेल माझ्या खांद्यावर होता, हे त्याने दोनदा सांगितले.

त्यानंतर कुंपणापलीकडून वहिनींचा आवाज आला. त्या यजमानांना म्हणत होत्या, अहो, तिकडून नको, मागून चला. ते दारात बसलेत, सापडलो तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. यजमान म्हणाले, अगं, एकटे आहेत बिचारे. त्या म्हणाल्या, मग तुम्ही जा.

यजमान मागूनच गेले. बहुधा दुसऱ्या कोणाविषयी बोलत असावेत.

खुर्ची आत घेतली. वारा लागतो.

२४ फेब्रुवारी
महत्त्वाचा शोध! मातीत वाटाण्याएवढा गोल कोष मिळाला. रेशमी धाग्यावर वाळूचे कण चिकटविलेले. अळी आत पंख धारण करीत आहे. एखाद्या संध्याकाळी चतुरासारखा नाजूक कीटक बाहेर पडेल. कोष काचेच्या उघड्या बरणीत मातीवर ठेवला, चढण्यास काडी उभी केली. कन्येला हे दाखवावयाचे. घरात सर्व सुरळीत आहे, याहून निराळा पुरावा तो कोणता?

२८ फेब्रुवारी
करपले. पातेले बदलले होते.

२ मार्च, रात्री
कन्या आली. पिठाचा डबा उघडून तिने पुन्हा लावला.

दिवेलागणीस तिला व्हरांड्यात बसवून पंखधारी अवस्थेचे वर्णन करीत होतो. चार जाळीदार पंख, शरीर काडीसारखे, उड्डाण अडखळते, दिव्याकडे ओढ. इतक्यात एक अडखळता किडा दिव्याभोवती फडफडत कन्येच्या केसांवर आला. ती ओरडली. मी खाली वाकून हाताला लागली ती चप्पल घेतली आणि तो भिंतीवर बसताच मारला. नेम अचूक.

कन्येने बरणी पाहिली. कोषाला भोक होते. तिने पाठ्यपुस्तकातील चित्र भिंतीपाशी नेले आणि हळूच विचारले, बाबा, हाच ना तो? उजेड पुरेसा नाही, असे मी सांगितले. उजेड पुरेसा होता.

मग हातातील चप्पल पाहिली. हिची होती.

तळ पुसला. पुन्हा पुसला. जागेवर ठेवताना डावी-उजवी उलट झाली. कन्येने वाकून नीट केली. तिच्याकडे पाहवेना.

३ मार्च, सकाळ
वर्तमानपत्र घेऊन वेताच्या खुर्चीत बसलो. कन्या झाडू घेऊन आली. हे संशोधनक्षेत्र आहे, मी बजावले. ती म्हणाली, अहो बाबा, हे खड्डे आई रोज झाडायची. एक दिवस राहिला की दुसऱ्या दिवशी हजर, म्हणून वैतागायची. तुम्ही इथंच पेपर वाचत असायचात. मी म्हणालो, अशक्य. माझ्या लक्षात आले असते.

तिने झाडू खुर्चीखाली घातला.

माझे पाय आपोआप वर उचलले गेले.

नजर पेपरातच होती. कोणी सांगितले नव्हते. पाय किती सराईतपणे उचलले गेले, हे मी पाहिले, तिनेही पाहिले.

ती म्हणाली, झालं झाडून, ठेवा आता खाली.

बऱ्याच वेळाने तिच्या घराला व्हरांडा आहे का, असे मीच विचारले. ती म्हणाली, आहे, पण तो तुम्ही झाडायचा.

मान्य केले. झाडू कसा धरतात, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.