मैना बोलली

प्रिय दादा,

तू सुचवलेल्या मोठ्या शाळेत आम्ही मायलेकी जाऊन आलो. बाहेरच्या माणसापुढे आपल्या मैनेला कंठ फुटत नाही, ठाऊकच आहे तुला. ती माझ्यामागे लपली. "वर्षभर थांबा," तिथल्या बाई म्हणाल्या. माझा चेहरा पडला.

येताना कोपऱ्यावरच्या छोट्या शाळेत शिरलो. मुख्याध्यापिका मांडीवर ससा घेऊन बसल्या होत्या. काही न विचारता त्यांनी हिच्या हातात गाजर दिलं. ससा खाईना.

"अहो, त्याला खाली सोडा ना! घाबरलाय तो!" मैना ठणकावून म्हणाली.

मी हसता हसता रडले. प्रवेश तिथेच घेतला.

हे पत्र मात्र टाकत नाही. फोनवर तुला कधी 'हं'सुद्धा न म्हणालेली तुझी भाची नंबर फिरवायला बसलीय. म्हणते, "मामाला मीच सांगणार!"

तुझी,
धाकटी