कोटाच्या खिशातली ओळ

ताई,

तीन महिने पत्र टाळलं. कागद होता, तोंड नव्हतं.

चौकात कविता म्हटली म्हणून मला देशाबाहेर काढलं, तेव्हापासून इथं लाँड्रीत इस्त्री करतो. मालक म्हणतो, "कविराज, कॉलर जाळू नका." माणूस बरा आहे, फक्त दुपारी घोरतो फार. असो. आपल्याकडे जाणारे प्रवासी इथं कोट धुवायला टाकतात. प्रत्येक खिशात मी एक चिठ्ठी सरकवायचो: 'कुलूप तुमचं असेल, अंगण मलाच ओळखतं.' आणि मी शहाण्यानं खाली सही ठोकली, 'ताईचा धाकटा'. सगळी गल्ली मला याच नावानं हाक मारते, हे लक्षातच आलं नाही.

मग एका प्रवाशानं सांगितलं, चिठ्ठी घेऊन शिपाई तुझ्या दारात गेले, दुसऱ्या दिवशी घराला कुलूप. ओळीबद्दल माफी मागणार नाही, सहीबद्दल मागतो.

थांब, कोणीतरी आलंय.

दाजी आहेत. निम्मे झालेत, पण हसतायत. म्हणतात, "आम्हालाही देशाबाहेर काढलं. पत्र कसलं लिहितोस? ती खाली हमालाशी भांडतेय."

ताई, तुझा आवाज जिन्यातून वर येतोय. हमालाला सोड, ट्रंक मी उचलतो.

तुझाच