मुंगसांची पोटजात

तेजस्विनी,

लिहायचं टाळत होतो. पोटजात जुळत नाही म्हणून तुझ्या अण्णांनी मला नकार दिल्यावर काय लिहिणार? सध्या नांदगावच्या माळावर मुंगसं शोधतोय, एका संशोधक मॅडमच्या हाताखाली. इथला चहा भयंकर गोड असतो, ते असो. रंग, शेपटी बघून मॅडम मुंगसांच्या उपप्रजाती ठरवतात. मी त्याला पोटजातच म्हणतो.

"दोन पोटजातींची हद्द लागते तिथं काय होतं?" मी विचारलं.

"संसार थाटतात," त्या म्हणाल्या. "आमचीच पंचाईत होते."

हे अण्णांना सांगायची माझी हिंमत नाही.

थांब. दारात अण्णाच उभे आहेत, नाशिकहून एकटेच आलेत. चपला बाहेर काढतायत, म्हणजे भांडायला आले नसावेत.

तुझाच,
सोमनाथ