ज्योत्स्नाकर या नावाची व्यवस्था

मी, ज्योत्स्नाकर नानाजी मोहुर्ले, वय सव्वीस, धंदा सुतारी, राहणार डोंगरटोला, मूलजवळ, जिल्हा चांदा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. परवा नागपूरला माझे अंतर्गळाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. त्यांच्यासाठी असेल.

घर, परसबाग व पोस्टातील शिल्लक पत्नी वच्छला हिला. वाकस, रंधा आणि पटाश्याही तिलाच. विकाव्यात, उसन्या देऊ नयेत. शेजारी लटारू या मृत्युपत्राचा साक्षीदार असल्याने त्याला कायद्याने काही देता येत नाही. कायदा चांगला आहे.

आता नावाविषयी. माझ्या वडिलांना मूलच्या बाजारात एक जुनी कादंबरी मिळाली. पहिली व शेवटची पाने नव्हती. तिचा नायक ज्योत्स्नाकर. तो पुराच्या नदीत घोडा घालतो आणि तिथेच पुस्तक संपते. तो वाचला की बुडाला, हे बाबांना कधी कळले नाही. तरी नाव मला दिले. बारशाला शकुबाई आत्याने माझ्या कानात "पोचू" म्हटले आणि बाबांना सांगितले, "दादा, ते तुयं नाव पोरगं मोठं झाल्यावर सोताच घेईन." गाव आजही पोचूच म्हणते.

लटारूने मात्र आपल्या बोकडाचे नाव ज्योत्स्नाकर ठेवले. बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, म्हणून बोकड वांग्यांत शिरला तरी वच्छलाला त्याला नावाने हाकलता येत नाही. "वहिनी, हाक मारा न, लगेच येते तो," असे लटारू वरून सांगतो. हे मी विसरलेलो नाही.

वच्छलाला सातवा महिना आहे. मी गेलो आणि मुलगा झाला तर माझेच नाव ठेवायचे, असे आत्याने आताच ठरवून टाकले आहे. मलाही ते आवडेल. पण मग आईने पोटच्या पोराला जन्मभर "अरे" म्हणायचे काय? लग्नात भटजी या नावावर अडखळले. तिने उखाण्यात ते एका दमात घेतले. गावात ते नीट येणारी ती एकटी, आणि बंदी तिलाच. सबब, मुलाला माझे नाव द्यावे व वच्छलाने ते मोठ्याने घ्यावे. कोणी हरकत घेतल्यास ती रद्द समजावी.

येथपर्यंत सर्वांना वाचून दाखवले. वच्छला चुलीजवळून म्हणाली, "मेल्यावरच काऊन? द्याचीच हाय त आता द्या न परवानगी."

"बरोबर बोलली वहिनी," लटारू म्हणाला. "अन् अंतर्गळानं मरते काय कोणी?"

आत्या म्हणाली, "नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होते, वच्छला."

मी बराच वेळ विचार केला, कारण ऑपरेशन परवाच आहे.

दुरुस्ती : वरील परवानगी माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू आहे.

तिने ती लगेच वापरली. "ज्योत्स्नाकर, भात थंडा होऊन राह्यला. उठा."

सबब येथे थांबतो.

ज्योत्स्नाकर नानाजी मोहुर्ले

आमच्या समोर सही केली. वहिनीने नावही समोरच घेतले, आम्ही ऐकले.
साक्षीदार : १. लटारू गुरनुले
२. मुखरू शेंडे (अंगठा)

मुक्काम डोंगरटोला, ता. ८ मार्च १९५७