दौल्याचा हेवा आन् जावईबापूंची टोपी

अधिक वैशाख शु. ७, बुधवार
ऊन लई. विहिरीत बादली खडकाला लागती. धोंड्याचा महिना लागला तसं कारभारणीनं घर डोक्यावर घेतलंय. अनारशाचं पीठ मुरतंय, आमी त्याच्या वासावर जगतोय.

जावईबापू परवा येणार. (इथून पुढं जा.बा. एवढं लांब कोण लिहीत बसतो.) करोडगिरीच्या म्हंजे जकातीच्या नाक्यावर कारकून हायत, लाल रुमी टोपी घालतात, टोपी लई जपतात. संक्रांतीला आलते ते रुसून गेलते. कावून रुसले ते अजून कुणाला ठावं न्हाई. गोदा होळीपासून इकडंच हाय. नवऱ्याचं नाव काढलं की पाणी आणायला जाती.

कारभारीण म्हणली, "या खेपेला त्यांनी हसत पोरीला घेऊन गेलं पायजे. तुमी तोंड आवरा आन् तुमचं कुत्रं आवरा."
कुत्रं माझं कुठलं. गोदानं लग्नाआधी पदरात घालून आणलेलं पिल्लू. आता वासराएवढं झालंय, नाव दौल्या. भाकरी तेवढी माझ्या ताटातली खातो.

शु. ९, शुक्रवार
जा.बा. आले. या महिन्यात जावई म्हणजे देव, म्हणून परात घेतली आन् पाय धुवायला बसलो. एक पाय धुतला. दुसरा पाय घ्यायला हात पुढं केला तर हातात केसाळ पंजा. दौल्यानं मधे घुसून परातीत पाय ठेवलेला, आन् माझ्या तोंडाकडं बघतोय.

मला हसू आवरंना. गोदा दारामागं खुदकन हसली. जा.बा. हसले न्हाईत. म्हणले, "मामा, आधी त्याचे धुवा. आमचे काय, होतील सावकाश."
सुरवातच अशी.

शु. १०, शनिवार
जेवताना गोदा तूप वाढायला वाकली की दौल्या तिच्या आन् जा.बां.च्या मधे. भुकत न्हाई, चावत न्हाई. नुसता आडवा बसतो, त्यांच्याकडं पाठ करून. जा.बां.ना तूप मिळालं न्हाई. कोरडाच भात खाल्ला आन् त्याचा हिशेब मनात ठेवला, दिसत होतं.

बांधून बघितला. तो असा गळा काढून रडाया लागला की कारभारीण म्हणली, सोडा त्याला, धोंड्याच्या महिन्यात जावई जेवताना कुत्रं रडतंय, शेजारी काय म्हणतील. सोडला. परत मधे.

संध्याकाळी शेजारचे हकीमसाब ओट्यावर आले. त्यांना म्हणलं, कुत्र्याला हेवा वाटतो, डोळ्यानं बघितलं. हकीमसाब पानाला चुना लावत म्हणले, "पाटील, कुत्ते को हसद काय का? उसको रोटी मालूम. हसद के वास्ते अकल होना."
म्हणलं, मग आमच्या भावकीला कसा वाटतो?
यावर त्यांनी पान तोंडात सारलं. पण मानलं न्हाई.

शु. १२, सोमवार
हकीमसाबांना दाखवायचंच. जा.बा. कपिलधारला दर्शनाला गेले तवा हकीमसाबांना बसवलं आन् गोदाला म्हणलं, उशी मांडीवर घेऊन थोपट. दौल्या जांभई देऊन झोपला. मग म्हणलं, शेळीचं करडू घे. घेतलं. दौल्या उठला, करडाच्या आन् तिच्या मधे नाक घातलं आन् करडाला असं ढकललं की ते चुलीपाशी जाऊन पडलं.

हकीमसाब म्हणले, "करडू में गोश्त है. तकिये में कपास है. बस."
या माणसाला काय म्हणावं.

शु. १३, मंगळवार
आज जे झालं ते कुठं बोलायचं न्हाई. लिहितो, कारण पोटात राहीना.

दुपारी जा.बा. माडीवर घोरत होते. टोपी खुंटीला. हकीमसाब खाली बसलेलेच. माझ्या मनात आलं, लोडात गोश्त न्हाई. लोड ताठ उभा केला, बैठकीवर जा.बा. बसतात तिथंच, आन् वर टोपी घातली. हुबेहूब. जरा गप्पच जास्त होता.

आधी नुसताच ठेवला. दौल्यानं हुंगलं, टोपीचा गोंडा नाकाला लागला तर शिंकला आन् जाऊन पडला. म्हणजे टोपीवर राग न्हाई. हकीमसाबांनी मान डोलावली. मग गोदाला म्हणलं, पंखा घे आन् वारा घाल. ती हसून हसून लोळली, पण घातला. दौल्या उठून बसला. कान उभे. मग मला काय सुचलं, मी लोडापुढं अनारसा ठेवला आन् म्हणलं, "बापू, आनखी एक घ्याच, माझी शपत हाय."

तवर दौल्यानं लोडाला खाली पाडलं होतं. टोपी कवा तोंडात घेतली कळलंच न्हाई. गोंडा एकीकडं, टोपी एकीकडं, कापूस घरभर.

अनारसा तसाच. शिवला सुदा न्हाई. मी हकीमसाबांना म्हणलं, बघा, रोटी मालूम ना? ते टोपीकडं बघत म्हणले, "पाटील, ये सब ठीक, मगर दामाद उठेगा तो?"

टोपी उकिरड्यात पुरली. हकीमसाबांनी आपली जुनी दिली. तशीच लाल, तसाच गोंडा. खुंटीला लावली.

शु. १४, बुधवार
हकीमसाबांचं डोकं मोठं हाय हे ध्यानात घ्यायला पायजे होतं.

जा.बां.नी सकाळी टोपी घातली ती कानावर येऊन थांबली. काढली, बघितली, परत घातली. परत कानावर. दिवसभर डोक्याला हात लावून बसले. शेवटी हळूच म्हणले, "मामा, इकडं आल्यापासून माझं डोकं बारीक झालंय का?"
मी म्हणलं, उन्हानं होतं. पाणी पीत जावा.
बिचारे तांब्यानं पाणी पीत बसले. गोदा दोनदा बाहेर पळाली. मलाच वाईट वाटाया लागलं.

पौर्णिमा, गुरुवार
धोंड्याचं जेवण. भावकी सगळी पंगतीला. जा.बा. पाटावर, कपाळाला गंध, टोपी कानापर्यंत. कारभारणीनं ओवाळलं. पुरणाचे धोंडे वाढले. मी हात जोडून म्हणलं, बापू, सावकाश होऊ द्या.

आन् दौल्या आला. उकिरड्यातून. तोंडात जा.बां.ची टोपी. सगळ्या पंगतीतून चालत आला, ती माझ्या पायाशी ठेवली आन् शेपूट हलवत उभा राहिला.

जा.बां.नी टोपी उचलली. आत त्यांच्या आईनं नावाचं अक्षर काढलं होतं दोऱ्यानं, ते बघितलं. डोक्यावरची काढून शेजारी ठेवली. ताटावरून उठले. माडीवर जाऊन कडी लावली.

वाढपी तसेच उभे. आमच्या चुलतभावाच्या तोंडावर जे समाधान होतं ते हकीमसाबांना दाखवायला पायजे होतं.

वद्य १, शुक्रवार
घरात सुतक असल्यागत. जा.बां.नी कडीआडून सांगितलं, उद्या एकटाच निघतो. त्यांना वाटतंय गोदानंच कुत्र्याकडून टोपी फाडवली, घरभर हसायला. गोदा भांडी घासताना रडत होती. म्हणली, "आबा, मी त्येंना काय सांगू? आता नेलंच न्हाई तर?"

एवढा वेळ मला कुत्र्याचंच पडलं होतं. पोरीचं आयुष्य खुंटीला टांगून मी खेळ मांडला.

माडीवर गेलो. दारातून सगळं सांगितलं. करडू, लोड, पंखा, अनारसा, उकिरडा. टोपी लोडाला मी घातली, पोरीला मी बसवलं, तिचा दोष न्हाई. मग कडी निघाली. जा.बा. दारात उभे. डोळे लाल.

म्हणले, "मामा, एक खरं सांगा. तिनं लोडाला वारा घातला?"
म्हणलं, घातला.
"हसत घातला?"
म्हणलं, हो.
"किती वेळ?"
मी म्हणलं, बराच.
जा.बा. खाली बसले. म्हणले, "मला दोन वर्षात एकदा न्हाई घातला. संक्रांतीला उशाशी पंखा ठिवून बसलो होतो, आता घालील मग घालील. ती कुत्र्याच्या पिसवा काढत बसली."

संक्रांतीचा रुसवा हा होता. थंडीत पंखा कोण घालतो, हे मी विचारलं न्हाई. तोंड आवरायचं होतं.

वद्य ३, रविवार
कारभारणीला सांगितलं, तिनं गोदाला सांगितलं, कसं सांगितलं मला ठावं न्हाई. आज जेवताना गोदा पंखा घेऊन आली. मान खाली, कान लाल. माझ्यासमोर. मी ताटात बघत जेवलो.

दौल्या आलाच मधे. या खेपेला गोदानं त्याच्या पाठीत पंख्याची दांडी घातली. म्हणली, "सर की बाजूला. त्येंना जेवू दे."
जा.बां.नी तीन धोंडे खाल्ले. हकीमसाबांची टोपी घालूनच खाल्ले. कानावर आली तरी काढीनात.

वद्य ५, मंगळवार
गेली पोर. जा.बा. हसत गेले. कारभारणीनं देवापुढं साखर ठेवली.

गाडी निघताना गोदा सारखी मागं बघत होती. मला वाटलं आमच्याकडं. पण तिला दौल्या बघायचा होता, तो येशीपर्यंत पळत येईल म्हणून. तो आलाच न्हाई. घरी येऊन बघतो तर बैठकीवर, जा.बा. बसायचे तिथं, पाय वर करून झोपलेला.

लई राग आला. ज्या पोरीनं पदरात घालून आणला तिच्यासाठी दोन पावलं चालला न्हाई.

वद्य ८, शुक्रवार
दौल्या दोन्ही वेळ जेवतो. उलट जास्तच. मी भाकरी अर्धी ठेवली तर तो खातो. हकीमसाब म्हणले, "देखो. हसद होती तो जान देता."
मग एवढा सगळा तमाशा कशाचा होता?

वद्य ११, सोमवार
आज कळलं.

करडू माझ्याजवळ आलं म्हणून सहज त्याची मान खाजवली. दौल्या अंगणाच्या त्या टोकाला होता. आला आन् माझ्या हाताखाली डोकं घातलं. करडाला बाजूला. मी हात काढून करडाला लावला, परत तो. शेजारचं पोर मांडीवर घेतलं, परत तो. कारभारणीला म्हणलं, जरा जवळ बस. ती म्हणली, म्हातारपणी काय सुचतंय. पण बसली. दौल्या दोघांच्या मधे.

म्हणजे पाय मी धुतले तवा मधे आला. अनारसा मी वाढला तवा लोड फाडला. टोपी आणून दिली ती माझ्या पायाशी. गोदाचं तूप आन् करडू सोडा, बाकी गोदासाठी न्हाईच. माझ्यासाठी.

पाटीलकीत सगळी मानतात, पण असं माझ्यावरून कुणी कुणाशी भांडलं न्हाई.

हकीमसाबांना बोलावून दाखवलं. ते म्हणले, हाताला तूप असंल. राखेनं हात घासले, परत दाखवलं. जाताना म्हणले, "आधा मान गया."
अर्धं कशाला ठेवलं देव जाणे.

निज वैशाख शु. २, रविवार
जा.बां.चा गाडीवान आला. मारुती नाव. बरोबर रिकामी गाडी, त्यात गवत पसरलेलं.

पाणी प्याला आन् म्हणला, "मालकांनी कुत्रं मागितलंय."
मी म्हणलं, कोण म्हणतं, गोदा?
"न्हाई. वहिनीसाब म्हणल्या, आबांना करमायचं न्हाई, आणू नका. मालकच म्हणले. सांगा म्हणले मामांना, कुत्रं मधे येत होतं तवा ती त्याला हाणून माझी बाजू घेत होती. आता मधे कुणी येत न्हाई. ती तिकडं बसती, मी इकडं. पंखा खुंटीला हाय."

कारभारीण लगेच म्हणली, पाठवा. पोरीच्या संसारापुढं कुत्रं म्हणजे काय. जावयानं तोंडानं मागितलंय, न्हाई कसं म्हणणार. खरं हाय तिचं. मला सगळं कळतंय. मी म्हणलं, तो तिकडं जेवायचा न्हाई. ती म्हणली, तुमीच सांगत होता ना, दोन्ही वेळ जेवतो म्हणून.

चिडून अंगणात गेलो. म्हणलं, कुत्र्याचं काय, भाकरीचा धनी बदलला की झालं, हकीमसाबांचंच खरं धरू. गाडीच्या बैलाला हिरवी पेंढी टाकली आन् उगं त्याच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिलो. दौल्याकडं बघायचंच न्हाई असं ठरवून.

तो आला. बैलाचं शिंग एवढं मोठं, तरी आला. माझ्या आन् बैलाच्या मधे घुसून उभा राहिला आन् हाताखाली डोकं दिलं.

कारभारीण दारातून म्हणली, "मारुती विचारतोय, सकाळी उन्हाच्या आत निघायचं म्हणतो. काय सांगू त्याला?"

दौल्याच्या डोक्यावरचा हात न काढता म्हणलं, मारुतीला आधी जेवू घाल.