आत्याच्या पुड्या

४ फेब्रुवारी
शिंप्याची आई गेली. तिच्या उरलेल्या गोळ्या सून आज आत्याला देऊन गेली. नेहमीचंच — गल्लीत कुणी बरं झालं किंवा गेलं, की उरलेलं औषध आमच्या डब्यात येतं. आत्या तीस वर्षं हॉस्पिटलात आया होती. गोळ्या रंगावरून ओळखते. वाचता येत नाही, म्हणून पुड्यांवर मी लिहितो. घसा. ताप. लघवीची जळजळ. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासतो. नववीत शाळा सुटली, पण चुकीचं लिहिलेलं मला बघवत नाही.

मुदत संपल्याची तारीख दाखवली, तर म्हणते, "औषध आहे ते, दूध नव्हे नासायला!"

९ फेब्रुवारी
शेजारच्या पोस्टमनकाकांना पुन्हा जळजळ, अंगात कणकण. डिसेंबरपासून ही तिसरी वेळ. आत्याने चार गोळ्या दिल्या. दोन दिवसांच्या. मी म्हणालो, पूर्ण पाच दिवस घ्यायच्या असतात ना?

"बरं वाटलं की थांबायचं. उगाच पोटात आग कशाला?"

काका हसले. "डॉक्टरकडे अर्धा दिवस रांगेत जातो. इथे वर चहा मिळतो."

११ फेब्रुवारी
काकांना उतार. एक गोळी उरली म्हणून परत करून गेले! आत्याने ती जपून पुडीत टाकली.

१९ फेब्रुवारी
काकांना चांगलाच ताप. या वेळी आत्याने लाल-काळी दिली, "ही जालीम आहे." पुडीवर मीच लिहिलं. हात थांबवायला हवा होता. नाही थांबवला.

२२ फेब्रुवारी
काका मला ओळखेनात. "पत्र कुणाचं आहे?" असं विचारत होते. आत्या आणि मी त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी काही औषध दिलंत का?" आत्या म्हणाली, "छे! काही नाही." माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं.

मी गप्प बसलो. मी!

२३ फेब्रुवारी
सकाळी एकटाच गेलो. काकांना दिलेल्या गोळ्यांच्या पुड्या बाईंच्या टेबलावर मांडल्या, कोणती कधी दिली ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "काल बोलला असतास तर एक दिवस वाचला असता," एवढंच. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांना जंतू सरावलेत म्हणाल्या, औषध बदललं.

आत्याला घरी येऊन सांगितलं. "यासाठी वाढवलं का रे तुला? गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

२७ फेब्रुवारी
काका शुद्धीवर. दोन घास खाल्ले. आत्याला सांगितलं. तिने नुसतं ताट पुढे सरकवलं. चार दिवस हेच चाललंय.

२ मार्च
आत्याला पाच दिवस ताप आहे. मला आज कळलं — जिन्यात मटकन बसली तेव्हा. डब्यातलं होतं नव्हतं ते सगळं घेऊन झालंय. म्हणाली, "ने मला त्या बाईकडे. आणि मी खोटं सांगायला लागले, तर तू गप्प बसू नकोस."