वळणावरची खडखड

तासगाव, आश्विन शुद्ध एकादशी, १९४६

उद्या सकाळी अण्णांच्या सूनबाईंना बाळंतपणासाठी मिरजेला न्यायचे आहे, आणि आज गाडीच्या इंजिनात खडखड सुरू झाली. दिवस भरलेली बाई आत आणि गाडी वाटेत बंद पडली तर?

उभ्या गाडीचे इंजिन लाकडी दांडा कानाला लावून सगळीकडून ऐकले. आवाज नाही. रस्त्यावर काढली की खडखड. बेअरिंगच गेले, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. मालक अण्णा शेजारीच बसले होते. म्हणाले, "जमत न्हाई तर सांग गड्या, बैलगाडी जुपाय सांगतो. बैल कुरकुरत तरी न्हाईत."

मग लक्षात आले, सरळ रस्त्याला आवाज नाही, फक्त वळणावर. बेअरिंगला वळण कसे कळणार?

गाडीखाली निजून इंजिनाखालचा पत्रा सोडवला, तर त्यात सुपारी! खंडेनवमीच्या पूजेत इंजिनावर विडा मीच मांडला होता. पाने, झेंडू काढले, सुपारी घरंगळलेली पाहिलीच नाही. अण्णा पोट धरून हसले. "तुजी पूजा लय पोचली की रं, पार इंजिनाच्या पोटात!"

पत्रा बसवून वळणावळणाने गाडी फिरवून आणली. आवाज नाही.

तरी चैन पडत नाही. एक विडा बॅटरीवरही मांडला होता. ती सुपारी उचलली होती का? उचलली असावी. पण असावी म्हणजे काय? उद्या सूनबाई मागे बसणार आहेत.

ताट वाढलेले तसेच आहे. कंदील घेऊन आधी गाडीकडे जातो.